गढूळ टोन: बेस ॲम्पच्या आधी कापायचा की कॅबनंतर?

मॉडेलरला (गिटारच्या ॲम्प आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) हेडफोन लावून गेन, म्हणजे आवाज फाडून डिस्टॉर्शन आणणारा नॉब, वाढवला की गिटारच्या खालच्या सुरांच्या तारा एकमेकींत मिसळून जातात. हे ज्यांना छळतंय त्यांच्यासाठी लिहितोय. आवाजावर दोन कॅब (स्पीकरच्या पेटीच्या नकला) तर लागलेल्या नाहीत ना, एक मॉडेलरमध्ये आणि दुसरी कॉम्प्युटरच्या प्लगइनमध्ये, एवढं आधी बघा. ते ठीक असेल तर दोन वाटा उरतात. कॅबनंतर इक्यू (ठरावीक पट्टीतला आवाज कमी-जास्त करणारं साधन) लावून 250-300 हर्ट्झचा भाग उतरवायचा, किंवा ॲम्पच्या आधीच बेस कापायचा.

मी वर्षभर पहिल्या वाटेनं गेलो. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवणाऱ्यांना ती पुरते, हे मनापासून सांगतो. आयआरमधला (खऱ्या कॅबचा माइकनं टिपलेला ठसा) फुगवटा बऱ्याचदा स्पीकरच्या अगदी जवळ धरलेल्या माइकमुळे येतो, त्यामुळे तो कॅबनंतर कापणंच बरोबर.

गेनवर मात्र मला ओपन जी कॉर्डनं सतावलं. 300 ला तीन डीबी कापले, मग पाच, मग सात. आवाज पातळ होत गेला, गढूळपणा तसाच राहिला. ब्रिजजवळचा पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग) पत्र्यासारखा वाजायला लागला तरी नेकजवळच्या पिकअपवरची गुरगुर हटेना. घरचे झोपल्यावर मला जेमतेम तासभर मिळतो. त्यातला बराचसा वेळ नॉब फिरवण्यात जायचा.

कारण उशिरा कळलं. या कॉर्डमधला खालचा जी 98 हर्ट्झचा, त्याच्यावरचा बी 123 चा. डिस्टॉर्शनमधून दोघे एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही तयार होतात, साधारण 221 आणि 25. यातला 221 म्हणजे जवळजवळ ए, आणि तो या कॉर्डमध्ये नाहीच. शिवाय त्याच्या एका बाजूला 196 चा जी आणि दुसऱ्या बाजूला 247 चा बी, दोघेही कॉर्डचे हक्काचे सूर. इक्यू त्या आगंतुकाला कापायला जातो आणि या दोघांनाही कापतो.

बेस आधीच कमी केला तर हा आगंतुक मुळातच क्षीण जन्मतो. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलचं मॉडेल ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून ॲम्पच्या पुढे लावतात ते याचसाठी. त्याच्या क्लिपिंगच्या (आवाजाची लहर छाटण्याच्या) टप्प्यात 720 हर्ट्झच्या खालचा भाग कमी कमी उचलला जातो. ॲम्पचाच बेस नॉब का नाही, असं विचाराल. मार्शल धाटणीच्या ॲम्पमध्ये टोनचे नॉब प्रीॲम्पच्या (ॲम्पचा पहिला टप्पा) गेननंतर येतात, तोवर प्रीॲम्पमध्ये व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मेसा बूगी मार्क ॲम्पमध्ये ते गेनच्या आधी असतात, म्हणून तिथे बेस खाली ठेवून नंतरच्या ग्राफिक इक्यूवर 80 ची पट्टी उचलायची रीत आहे. मला ही रीत फार शहाणी वाटते.

फझ या खूप फाटक्या आवाजाच्या पेडलचा जाड, पसरट आवाज हवा असेल तर आधी कापून त्याचा जीव जाईल, तिथे माझं ऐकू नका.

हल्ली गेनच्या प्रत्येक पॅचमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) माझा ॲम्पच्या आधी 150 च्या आसपास लो कट (त्याखालचा बेस कापणारा फिल्टर) असतो आणि कॅबनंतर फक्त 80 ला. ओपन जीमधला बी आता स्वतंत्र ऐकू येतो, नेक पिकअपवरसुद्धा.