सदनिकानिहाय पाणी मीटर: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या इमारतीत पाण्याचा खर्च सर्व सदनिकांमध्ये समान वाटला जात असे; त्यामुळे काटकसर करणाऱ्याच्या पदरी काही पडत नसे आणि ज्याची फ्लशची टाकी महिनोन्महिने वाहत राही, त्याला झळही बसत नसे. सामायिक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी कसे उजाड होते, हे पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले, आणि आमची गच्चीवरची टाकी तसेच कुरण होती. मीटर बसले की पाणी ज्याचे त्याचे होते आणि सामायिक पाण्याचा प्रश्नच मिटतो, असा विक्रेत्याचा दावा होता. वर्षापूर्वी आम्ही अल्ट्रासोनिक मीटर बसवून घेतले.

मीटर उत्तम आहे. ध्वनिलहरींना प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाण्यास लागणाऱ्या वेळेतील फरकावरून तो प्रवाह मोजतो, म्हणून यांत्रिक मीटरमधून निसटणारी बारीक धारही त्यात नोंदली जाते. पहिल्याच आठवड्यात, रात्री दोन वाजता सर्व नळ बंद असताना, शेवटचा आकडा सरकताना मी पाहिला. फ्लशच्या टाकीतला वॉशर झिजला होता. सकाळीच तो बदलला. पैसे सर्वांचे जात होते तोवर ही गळती मी शोधलीच नव्हती, याची खंत वाटते.

बसवणीची सेवा मात्र समाधानकारक नव्हती. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय यांना वेगवेगळ्या उभ्या पाइपांतून पाणी येत असल्याने प्रत्येक सदनिकेला तीन मीटर लागले. त्यातला आमचा एक बसवणाऱ्यांनी पाइपाच्या वळणाला लागूनच बसवला. तिथे प्रवाह घुसळलेला असल्याने नोंदी चुकत राहिल्या आणि दोनदा तक्रार केल्यावर तो सरळ भागात हलवला गेला. मीटर बसवणे म्हणजे पाण्याची मालकी आखून देणेच; आणि मालकी हक्क निर्माण होण्यासाठी त्यांचा लाभ खर्चापेक्षा अधिक असावा लागतो, हे अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड डेम्सेट्झ यांचे १९६७ मधील प्रतिपादन जुन्या इमारतींनी मीटर घेण्याआधी लक्षात घ्यावे.

माझा खरा आक्षेप विक्रेत्याच्या दाव्याला आहे. मीटरनंतरचे पाणी ज्याचे त्याचे होते, हे खरे. परंतु टाकीपासून मीटरपर्यंतची गळती कोणाचीच राहत नाही आणि बोअरवेलखालचे पाणी तर शेजारच्या इमारतीही उपसतात. सामायिक संसाधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अभ्यासलेल्या कॅलिफोर्नियातील भूजल खोऱ्यांमध्ये उपशाचे वैयक्तिक हक्क ठरले, पण ते टिकले वापरकर्त्यांनी वाटाघाटींतून मान्य केलेल्या मर्यादेमुळे आणि उपशावरील सामायिक देखरेखीमुळे. अशी देखरेख कोणतेही उपकरण पुरवत नाही.

मीटर अवश्य घ्यावेत, मात्र टाकीच्या तोंडाशीही एक मुख्य मीटर बसवावा. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला त्याची नोंद आणि सदनिकांची बेरीज यांतील तफावत सूचना फलकावर लावतो.