गिटार, १ नग

माझ्या पावतीवर इतकंच लिहिलं होतं: 'गिटार, १ नग, दुरुस्ती'. तो नग मला परत मिळाला, चकचकीत होऊन मिळाला, आणि त्याच्या पोटातला किमती माल मधल्या मध्ये गायब झाला. जुनी, मोडकी इलेक्ट्रिक गिटार कुणाच्या हाती सोपवायच्या विचारात असाल तर हे वाचून घ्या.

गिटार होती फेंडरची स्ट्रॅटोकास्टर. एका वादकाच्या पश्चात घरच्यांनी अडगळीतून काढून मला दिलेली. नेकचा, म्हणजे लांब दांडीचा, जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो, त्यावर '२ मे ६३ बी' असा रबरी शिक्का. यातल्या २ ला बरेच जण तारीख समजतात, पण तो मॉडेलचा आकडा. शेवटचा 'बी' नेकची रुंदी सांगतो. म्हणजे नेक मे १९६३ चा. मागच्या लोखंडी प्लेटवर 'एल'ने सुरू होणारा नंबर होता, तोही त्याच काळाशी जुळणारा. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी विकत घेतली आणि त्याआधीच्या गिटारींना बाजारात वेगळाच मान आहे. तो मान अखंड गिटारीपुरता नसतो, तिच्या सुट्या भागांनाही असतो. सगळी गोम इथेच आहे.

अवस्था मात्र बघवत नव्हती. कुणीतरी दारं-खिडक्या रंगवतात तसला ऑइलपेंट ब्रशने फासलेला. ब्रिजपाशी, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, मोठा हंबकर (दुहेरी पिकअप) बसवायला छिन्नीने खोदून ठेवलेलं, आणि तो हंबकरही नंतर कुणीतरी काढून नेलेला. तिथला मूळ पिकअप (चुंबकांभोवती बारीक तार गुंडाळलेला, तारांची कंपनं विजेच्या लहरींत बदलणारा भाग) केसच्या कप्प्यात कागदात गुंडाळून पडला होता. सेल्युलॉइडचा हिरवट पिकगार्ड, म्हणजे पिकअप ज्यावर बसतात तो समोरचा पत्रा, आकसून स्क्रूच्या भोकांपाशी तडकलेला. पहिल्या पाच-सहा फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजून सपाट. ट्रस रॉडचा, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा, नट गंजून बसलेला. या गिटारींत तो नेक सोडवल्याशिवाय नीट हाती लागत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याकडे कुणी पाहिलंच नसावं.

देण्याआधी मी ती पूर्ण उघडून फोटो काढले होते, कारण वायरिंग मला स्वतःला समजून घ्यायचं होतं. मल्टिमीटरही लावला. नेककडचा पिकअप ५.८ किलोओम, ब्रिजचा ६.०, मधला काहीच दाखवेना. म्हणजे दोन जिवंत, एकाची तार कुठेतरी तुटलेली. आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या तीन पॉटच्या पाठीवरचे आकडे ३०४ ने सुरू होणारे. हा स्टॅकपोल कंपनीचा कोड, आणि पुढच्या आकड्यांत वर्ष आणि आठवडा. माझ्या तिन्हींवर १९६२ च्या उत्तरार्धातले आठवडे होते. सोल्डर जुनं, मळकट, ब्रिजच्या पिकअपचा जोड सोडला तर एकदाही न हललेलं.

कारागिराकडे दुकानभर गिटारी टांगलेल्या होत्या आणि तोंडात सगळे योग्य शब्द. त्याने बॅटरीच्या उजेडात नेकवरचा शिक्का बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "साहेब, ही गिटार नाही, इतिहास आहे." हे वाक्य कानावर पडलं की हात आपोआप खिशावर जायला हवा, असं आता मला वाटतं. त्याला मी स्पष्ट सांगितलं होतं: वरचा ऑइलपेंट तेवढा काढा, खालचा मूळ सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिकट होत जाणारा रंग) जसा असेल तसा राहू द्या, मेलेला पिकअप दुरुस्त करा, बाकी वायरिंगला हात लावू नका. "अहो, त्याची काळजीच सोडा," तो म्हणाला. आगाऊ रक्कम घेतली आणि ती पावती फाडून दिली.

मग फोन सुरू झाले. दर फोनला एक नवी वाईट बातमी. पिकअप तिन्ही मेलेत, नव्याने गुंडाळावे लागतील. मी म्हटलं, दोन तर चालू होते. "तेव्हा चालू असतील, जुन्या तारेचा भरवसा नसतो, उघडलं की जाते." पुढच्या फोनला पॉट आतून खाल्लेले निघाले. त्यापुढच्या फोनला रंग. ऑइलपेंट सुटत नाही, लाकडापर्यंत जावं लागेल. मी थांबा म्हणालो, तर उत्तर आलं, "अर्धी बॉडी काढूनही झाली हो, आता थांबून काय करता?" या पद्धतीत एक हिशेब असतो. परवानगी नेहमी काम झाल्यावर मागितली जाते, आणि ज्या कामाला माघार नाही तेच काम सगळ्यात आधी होतं.

रंगाचं खरं कारण सांगतो. त्या काळचा फेंडरचा वरचा थर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा. रंग काढायचं रसायन ओतलं की ऑइलपेंटबरोबर लॅकरही विरघळून जातं. मूळ थर वाचवायचा तर धारदार पात्याने वरचा रंग इंच-इंच खरवडत बसावं लागतं. ते होतं, पण कंटाळवाणं आहे, आणि घाईच्या माणसाला परवडत नाही. जुन्या गिटारीचा मूळ रंग काढून नवा दिला की तिची किंमत साधारण निम्म्यावर येते, असं या व्यवहारातले लोक धरून चालतात.

गिटार आली तेव्हा सुरेख दिसत होती. तीन रंगांचा सनबर्स्ट, नवा पिकगार्ड, नव्या फ्रेट. लावून पाहिली तर वाजतही छान होती, आणि हे प्रामाणिकपणे सांगायलाच हवं, कारण बहुतेक गिऱ्हाईक इथेच खूश होऊन थांबतं. कारागीरही त्याच भरवशावर असतो. वाजणाऱ्या गिटारीचा पिकगार्ड कोण कशाला उघडेल?

मी उघडला. तारा सैल केल्या, अकरा स्क्रू काढले, पिकगार्ड उलटा करून टेबलावर ठेवला. पहिली नजर पॉटवर गेली. तिन्हींचे आकडे १३७ ने सुरू होणारे, म्हणजे सीटीएस कंपनीचे, आणि वर्ष ७७. पॉटवरची तारीख गिटारीचं नेमकं वय सांगत नाही, ती एवढंच सांगते की हे वायरिंग यापेक्षा जुनं असू शकत नाही. १९६३ च्या गिटारीत १९७७ चे पॉट कारखान्यात बसलेले नसतात. सोल्डर आरशासारखं लखलखीत. वायर मात्र कापडी आवरणाचीच वापरलेली, पण पांढरीशुभ्र. म्हणजे जुन्यासारखं दिसावं याची काळजी घेतलेली होती. निव्वळ दुरुस्ती करणाऱ्याला त्या काळजीचं कारण काय?

मग पिकअप. तिन्ही काळ्या बुडाचे, त्या वर्षांत असतात तसेच. मोजले तर तिन्ही ६.१-६.२ च्या आसपास, एकसारखे. यावर त्याचं उत्तर तयार असणार हे मला ठाऊक होतं: नव्याने गुंडाळले, आकडा बदलणारच. ते खरंही आहे. पण गुंडाळताना बदलते ती तार. तार ज्यावर गुंडाळतात त्या बॉबिनच्या फायबरच्या पट्ट्या आणि चुंबकाचे सहा दांडे तेच राहतात. माझ्या फोटोत ब्रिजच्या पिकअपला चौथ्या तारेखालच्या दांड्याच्या डोक्यावर गंजाने खाल्लेला खड्डा होता, टाचणीचं डोकं बसेल एवढा. वायर जोडायच्या छिद्राशेजारी सोल्डरच्या कावियाने भाजलेली काळी कड. आता टेबलावर असलेल्या पिकअपला दोन्ही नव्हतं. गंजाचा खड्डा तार गुंडाळून भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत तपासली. पावतीवर नसली तरी बिलावर 'नायट्रो फिनिश' म्हणून वेगळी रक्कम लावलेली होती. कापसाची काडी अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून नेकच्या खाचेत, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, घासली. नायट्रो असतं तर रंग मऊ पडून कापसाला लागला असता. कापूस कोरडा, पांढरा राहिला. वरचा थर जाड, प्लॅस्टिकसारखा पॉलिस्टर जातीचा निघाला.

विचारायला गेलो तेव्हा आधी हसण्यावारी नेलं. फोटो ठेवले तर म्हणाला, "फोटोत उजेड वेगळा असतो." भाजलेली कड दाखवली तर सूर बदलला: "तुम्हाला गिटार वाजवायची आहे की संग्रहालयात ठेवायची आहे?" मग जुना माल कचऱ्यात गेला असं झालं. मी लेखी तक्रारीचं बोललो, फोटोंवरच्या तारखा दाखवल्या, आणि काही दिवसांनी एक पिशवी आली. पिशवीत तिन्ही जुने पॉट, तडकलेल्या पिकगार्डचे दोन तुकडे, आणि एक पिकअप. कोणता? मधला. तिन्ही मेलेत म्हणणाऱ्या माणसाकडून, जो खरोखर मेलेला होता तेवढाच परत आला. चालू होते ते दोन आजतागायत नाहीत.

तो मेलेला पिकअप पुढे दुसऱ्या कारागिराकडे नेला. त्याने माझ्यासमोर मीटर लावला, आकडा कागदावर लिहिला, माझी सही घेतली. भिंगाखाली पाहिलं तर केसाएवढी बारीक तार बाहेरच्या टोकाशी, जोडाजवळच गंजून तुटलेली. सात-आठ हजार वेढ्यांपैकी वरचे थोडे उलगडले, चांगली तार हाती लागली तिथे जोड दिला, आणि आकडा ५.७ आला. नव्याने गुंडाळायची गरजच नव्हती.

सुट्या भागांवर डोळा का, हे लक्षात घ्या. मोडकी, रंगवलेली, खोदलेली बॉडी विकायला कठीण. पण त्या काळचे पिकअप, पॉट, नॉब, क्लुसन कंपनीच्या सूर लावायच्या चाव्या, नंबरची प्लेट, अगदी जुने स्क्रूसुद्धा सुटे विकले जातात. आणि विकत घेणारे सगळेच हौशी नसतात. नंबरची प्लेट चार स्क्रूंवर बसलेली असते, ती कुठल्याही बॉडीला लागते. माझे दोन पिकअप बहुधा कुण्या 'अस्सल १९६३' म्हणून विकल्या जाणाऱ्या जोड-गिटारीत बसले असतील. म्हणजे फसलेला मी एकटा नाही, तिकडे आणखी कुणीतरी पैसे मोजून बसला आहे.

तर देताना करायचं काय. पावतीवर एका नगाऐवजी पूर्ण यादी लिहून घ्या: नेकवरचा शिक्का, प्लेटचा नंबर, प्रत्येक पॉटवरचे आकडे, प्रत्येक पिकअपचं किलोओममधलं माप आणि बुडाचा रंग. खाली त्याची सही. जो कारागीर सरळ आहे तो यात कमीपणा मानत नाही, उलट त्याचंही संरक्षण होतं. 'काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून परत' हे वाक्य लिहून घ्याच. 'मेलाय' असं कळवलं तर मीटर लावलेला व्हिडिओ मागा. रंगाला आणि लाकडाला हात लावण्याआधी लेखी होकार हवा, फोनवरचा नको. आणि फोटो लांबून पूर्ण गिटारीचे नकोत. पिकअपचं बूड, दांड्यांची डोकी, सोल्डरचे जोड, नेकच्या खाचेतला रंग, अशा जागांचे, तिरप्या उजेडात, अगदी जवळून काढा. गिटार सुंदर दिसते त्या फोटोंनी काही सिद्ध होत नाही. डाग, खड्डे, भाजलेल्या कडा यांचीच सहजासहजी नक्कल करता येत नाही, म्हणून साफसफाईच्या नावाखाली देण्याआधी त्या पुसून ठेवू नका.

विकत घेणाऱ्यांसाठीही थोडं. 'रिस्टोअर केलेली, सगळं मूळ' अशी गिटार समोर आली तर पिकगार्ड उघडून दाखवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर विषय संपला. अंधारात अतिनील दिवा धरा: जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, आणि नव्याने मारलेला रंग वेगळा उठून दिसतो. १९६४ पर्यंतच्या बऱ्याच बॉडींना रंगवताना आणि वाळवताना टेकलेल्या जागेपासून वर उचलून ठेवायला छोटे खिळे ठोकत. रंग वाळल्यावर ते काढले की भोकाच्या आत कोरं लाकूड राहायचं. पिकगार्डखाली ती भोकं रंगाने बुजलेली दिसली तर बॉडी नंतर रंगवलेली आहे, सांगणारा काहीही सांगो. माझ्या गिटारीची भोकं आता तशीच बुजलेली आहेत.

हरवलेल्या दोन पिकअपपैकी नेककडच्याला ओळखण्यासारखी खूण माझ्या फोटोत नाही. ब्रिजच्याला आहे: काळं बूड, चौथ्या दांड्याच्या डोक्यावर गंजाचा खड्डा, वायरच्या छिद्राशेजारी अर्धचंद्रासारखी भाजलेली कड. असा पिकअप कुणी सुटा विकायला आणला, किंवा एखाद्या 'अस्सल' गिटारीत बसलेला दिसला, तर पैसे देण्याआधी तो कुठून निघाला हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या.