तालुक्याच्या लॅबमधली बिलिरुबिन तपासणी: काम चोख, विचारपूस कमी

पूर्व विदर्भातल्या या छोट्या लॅबमध्ये रक्त काढल्याबरोबर ट्यूबला फॉइल गुंडाळतात, हे फार चांगलं. बिलिरुबिन म्हणजे जुन्या तांबड्या पेशी फुटल्यावर बनणारं पिवळं द्रव्य. उजेडात ते तुटतं आणि आकडा खोटा कमी येतो. रिपोर्टात टोटल आणि डायरेक्ट (लिव्हरनं प्रक्रिया केलेलं) दोन्ही असतात. वजाबाकी केली की इनडायरेक्ट (प्रक्रिया व्हायची राहिलेलं) कळतं.

गिल्बर्ट सिंड्रोम या जन्मजात, निरुपद्रवी दोषात हेच इनडायरेक्ट वाढतं. टोटल सहसा ३ मिग्रॅच्या आत, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) आणि हिमोग्लोबिन नॉर्मल. यूजीटी१ए१ या जनुकातल्या बदलामुळं बिलिरुबिन बाहेर टाकण्याजोगं करणारं एन्झाइम कमी पडतं. लिव्हर ठणठणीत असतं. औषध लागत नाही, झाडपाल्याचा काढा तर नकोच. पथ्य म्हणून उपाशी ठेवलं की डोळे आणखी पिवळे होतात.

म्हणूनच एक तक्रार. ‘उपाशीपोटी या’ एवढंच सांगतात. काल एकादशी होती का, ताप होता का, हे कुणी विचारत नाही. दोन्हींनी आकडा चढतो.

दुसरी उणीव मोठी. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यातही तांबड्या पेशी फुटून इनडायरेक्ट वाढतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) सोबत करायलाच हवेत. ते इथं मागितल्याशिवाय होत नाहीत, तेव्हा स्वतः मागा. सिकलसेलची शंका आली तर आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, मग खात्रीसाठी हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी.

डायरेक्ट वाढलं असेल तर गिल्बर्ट म्हणून सोडू नका. डायरेक्ट वाढवणारे डुबिन-जॉन्सन, रोटर हे जन्मजात आजार निरुपद्रवी खरे, पण आधी सोनोग्राफी करून पित्तनळीतला अडथळा नाही ना, हे पाहावं लागतं.

जन्मल्यापासून २४ तासांत पिवळं पडलेलं बाळ मात्र लॅबमध्ये आणू नका, थेट दवाखान्यात न्या.