क्रेनचा डेटा कुठून घ्यायचा: व्हेंडरचा ओपन एपीआय की टीआयसी ४.०?

कंटेनर टर्मिनलच्या यार्डात एकाच मेकच्या क्रेन असेपर्यंत हा प्रश्न कोणाला पडत नाही. दुसऱ्या कंपनीच्या आरटीजी (रबरी टायरवर चालणाऱ्या यार्ड क्रेन) आल्या किंवा जुन्या आरटीजींना रिमोट ऑपरेशन लावायचं ठरलं की मग मीटिंगमध्ये विषय निघतो, इंटरफेस कुठला ठेवायचा: व्हेंडरचा एपीआय, म्हणजे त्याने स्वतः दिलेला सॉफ्टवेअर जोडणीचा मार्ग, की टीआयसी ४.० ही सगळ्या मेकसाठीची सामायिक रचना. आणि समोर बसलेला प्रत्येक व्हेंडर सांगतो की आमचं सगळं ओपनच आहे. त्यात खोटं काही नसतं. मोठ्या उत्पादकांनी गेल्या काही वर्षांत खरंच दारं उघडली आहेत, कलमार कंपनीची कलमार वन तर ओपन ऑटोमेशन सिस्टिम म्हणूनच बाजारात आहे. पण ओपन म्हणजे नक्की किती आणि कुणाच्या अटींवर, हे काम सुरू झाल्यावरच कळतं, आणि तोवर पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघालेली असते.

मी न्हावा शेवाच्या आसपास टर्मिनल इंटिग्रेशनचं काम करतो आणि ही निवड मला स्वतःला करावी लागली आहे, म्हणून दोन्ही बाजू जमतील तशा मांडतो. टीओएस म्हणजे टर्मिनलचं सगळं काम चालवणारं सॉफ्टवेअर, ईसीएस म्हणजे क्रेनना काम वाटून देणारं सॉफ्टवेअर आणि पीएलसी म्हणजे क्रेनवरचा कंट्रोलर, एवढं धरून चालतोय.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. शिपिंग लाइनशी होणारं ईडीआय, म्हणजे ठरावीक साच्यातले कंप्युटर मेसेज, बॅप्ली, कोप्रार, कोआरी, कोडेको वगैरे, या वादात येत नाही. ते मेसेज एसएमडीजी या शिपिंग क्षेत्रातल्या यूजर ग्रुपचे लोक सांभाळतात, तीसएक वर्षं चाललेत, अजूनही चालतील, त्यांना हात लावू नका. प्रश्न आहे तो कुंपणाच्या आतला, क्रेनपासून ईसीएस आणि टीओएसपर्यंतचा. तिथं पूर्वी प्रत्येक मेकचं आपलं टेलिग्राम (मेसेजचा स्वतःचा साचा) असायचं, टीसीपीवर ठरावीक बाइट्स, आणि अमुक डेटा ब्लॉकच्या अमुक बाइटमध्ये स्प्रेडरचा (कंटेनर पकडणाऱ्या चौकटीचा) स्टेटस असं एक एक्सेल शीट मिळायचं, ते ज्याच्याकडे तो राजा. त्या काळापेक्षा आज दोन्ही पर्याय खूपच बरे आहेत हे मनापासून सांगतो.

पहिला पर्याय व्हेंडरचा एपीआय. याचं कौतुक करायलाच हवं. डॉक्युमेंटेशन नीट असतं, सिम्युलेटर मिळतो, पहिल्या आठवड्यातच स्क्रीनवर क्रेन हलताना दिसायला लागते आणि मॅनेजमेंट खूश होतं. अडलं तर फोन उचलायला माणूस असतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे यातून क्रेनला काम देता येतं, नुसतं ऐकायचं नाही तर सांगायचंही. हा कंटेनर उचल, त्या बे-रो-टियरला (यार्डातल्या नेमक्या जागेवर) ठेव, हे सगळं सेफ्टी इंटरलॉकच्या (धोक्याची हालचाल रोखणाऱ्या बंधनांच्या) आत राहून होतं कारण इंटरलॉक ज्याने बनवले त्यानेच एपीआय बनवला आहे.

दुसरा पर्याय टीआयसी ४.०. फेपोर्ट आणि पेमा, म्हणजे युरोपातली टर्मिनल ऑपरेटरांची संघटना आणि उपकरण बनवणाऱ्यांची संघटना, यांच्या पुढाकारातून हे उभं राहिलं. हे काही प्रॉडक्ट नाही की प्रोटोकॉलही नाही. क्रेनबद्दलची माहिती कुठल्या रचनेत आणि कुठल्या व्याख्येने लिहायची एवढंच ते ठरवतं. तुम्ही ती ओपीसी यूए या प्रोटोकॉलवरून पाठवा नाहीतर एमक्यूटीटीवरून, त्यांचं काही म्हणणं नाही. (आम्ही एमक्यूटीटी घेतलं. सहा थरांच्या स्टॅकमागे क्रेन गेली की वायरलेस जातं आणि परत आलं की ब्रोकरला (मेसेज वाटणाऱ्या सर्व्हरला) पुन्हा जोडून घेणं यात सोपं वाटलं. मुळात ते १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर सॅटेलाइटवरून नजर ठेवायला बनवलेलं, तुटक्या लाइनची त्याला सवय आहे. ओपीसी यूएलाही आता पबसब (तशीच मेसेज वाटायची सोय) आहे, तुमच्या टीमला ते येत असेल तर तेही चालेल.)

आता मला खरोखर ज्याने वैताग दिला ते सांगतो, कारण माझा निर्णय तिथंच झाला. तो म्हणजे जॉब कम्प्लीट, क्रेनने काम झालं असं सांगणारा मेसेज.

बाहेरचा ट्रेलर लोडेड इम्पोर्ट कंटेनर उचलायला ब्लॉकमध्ये उभा आहे. आरटीजीचा स्प्रेडर कंटेनर घेऊन खाली येतो, ट्रेलरवर टेकतो, चारही कोपरे टेकल्याचे लँडेड सिग्नल येतात, कंटेनर पकडून ठेवणारे ट्विस्टलॉक उघडतात, होइस्ट (वर-खाली करणारी यंत्रणा) वर जायला लागतो, स्प्रेडर सुरक्षित उंचीवर येतो, मग स्प्रेडर आडवा नेणारी ट्रॉली ट्रेलरच्या लेनवरून बाजूला होते. यातलं नेमकं कुठल्या क्षणाला काम झालं म्हणायचं? एका मेकची क्रेन ट्विस्टलॉक उघडून स्प्रेडर थोडा वर गेला की जॉब कम्प्लीट पाठवायची. दुसरी ट्रॉली लेनमधून बाहेर पडल्यावर. दोन्ही बरोबरच आहेत, दोघांच्या डॉक्युमेंटमध्ये तसं लिहिलेलंही होतं. पण दोन्ही क्रेन एकाच ब्लॉकमध्ये, एकाच टीओएसखाली काम करत होत्या.

मग काय व्हायचं, तर उशिरा सांगणाऱ्या क्रेनखालचा ड्रायव्हर सिग्नल मिळाल्यावर निघून जायचा आणि आउट गेटला पोचल्यावर कियोस्क म्हणायचा जॉब पेंडिंग, कारण क्रेन ऑपरेटरने मध्येच ट्रॉली थांबवून दुसऱ्या कामाची वाट पाहिलेली. गेटवरचा क्लार्क कंट्रोल रूमला फोन करणार, कंट्रोल रूम हाताने कम्प्लीट मारणार, मागे ट्रेलरची रांग लागणार, आणि पावसाळ्यात रात्री उरणच्या रस्त्यावर ती रांग म्हणजे काय असते हे इकडच्या माणसाला सांगायला नको. उलट लवकर सांगणाऱ्या क्रेनच्या बाबतीत टीओएस लेन मोकळी समजून पुढची आयटीव्ही (टर्मिनलच्या आत ने-आण करणारी गाडी) पाठवायचा तेव्हा स्प्रेडर अजून डोक्यावरच असायचा. आणि हाताने मारलेला कम्प्लीट हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण त्यानंतर यार्ड इन्व्हेंटरी आणि प्रत्यक्ष जागा यांच्यात फरक पडायला सुरुवात होते, आणि तो फरक हुडकायला कोणीतरी उन्हात ब्लॉकभर कंटेनर नंबर वाचत फिरतो.

तुम्ही म्हणाल दोन्हीकडचा फरक मधल्या लेयरमध्ये सांभाळा. तेच केलं. एका क्रेनचा कम्प्लीट थोडा थांबवून पुढे द्यायचा आणि दुसरीचा लगेच. बरेच दिवस व्यवस्थित चाललं. मग एका व्हेंडरने क्रेनचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं, सेफ्टीसाठी चांगलाच बदल होता, पण त्यात कम्प्लीटचा क्षण सरकला. एपीआय तोच, फील्ड तेच, व्हर्जन नंबरही तोच, त्यामुळे आमच्या टेस्ट सगळ्या पास. फक्त गेटवर पुन्हा फोन वाजायला लागले. आम्ही कच्चा डेटा मागितला, म्हणजे लँडेड कधी झालं, लॉक कधी उघडलं, होइस्टची उंची किती, एवढं द्या बाकी आम्ही ठरवतो. उत्तर आलं की ते एपीआयमध्ये उपलब्ध नाही, हवं असेल तर चेंज रिक्वेस्ट टाका. माझ्याच यार्डातल्या क्रेनचा ट्विस्टलॉक उघडला की नाही हे मला विकत घ्यावं लागणार होतं. त्या दिवसापासून माझा कल बदलला हे कबूल करतो. सगळे व्हेंडर असे नाहीत आणि काहीजण हा डेटा सुरुवातीलाच देतात हेही तितकंच खरं.

टीआयसी ४.०ची रचना इथं कामाला आली. तिथं मूव्ह आणि सायकल यांची व्याख्या सगळ्यांनी मिळून लिहिलेली आहे, सुरू कधी आणि संपलं कधी यासकट. आणि त्याखाली प्रत्येक बारीक गोष्ट वेगळी मांडलेली असते: कुठलं उपकरण, त्याचा कुठला भाग किंवा कुठली कृती, त्यातला कुठला गुण, आणि ही व्हॅल्यू प्रत्यक्ष मोजलेली की अंदाजाने काढलेली. जेसनमध्ये (साध्या मजकुरासारख्या फॉरमॅटमध्ये) एखादा मेसेज उघडून पाहिला तर आरटीजी, तिचा स्प्रेडर, त्याचं लॉक, ते उघडं की बंद आणि क्रेनवर ते किती वाजता घडलं, असं वाचता येतं. कुठल्याही मेकची क्रेन असो, वाचणारा कोड एकच. जॉब झाला की नाही हे मग क्रेन सांगत नाही, आमचा नियम सांगतो: लॉक उघडलं, उंची अमुकच्या वर, ट्रॉली लेनच्या बाहेर. गेटच्या कामासाठी एक नियम, आयटीव्ही सोडायला दुसरा कडक नियम. नियम बदलायचा तर आमच्याच टीममधली मुलगी बदलते, कुणाची परवानगी लागत नाही.

वेळेबद्दल थोडं. घटना क्रेनवर घडली ती वेळ आणि मेसेज सर्व्हरला पोचला ती वेळ, या दोन वेगळ्या ठेवा. आमच्याकडे सुरुवातीला व्हेंडर एपीआयवर पोचल्याचीच वेळ मिळायची, आणि वायरलेस गेलं की चार मूव्ह एकाच मिनिटात झाल्यासारखे दिसायचे, मग प्रॉडक्टिव्हिटीच्या रिपोर्टवरून ऑपरेटर आणि सुपरवायझर यांची भांडणं. क्रेनच्या पीएलसीचं घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवण्यावर) नसेल तर आधी ते लावून घ्या, बाकी सगळं नंतर.

टीआयसीच्या बाजूने मी बोलतोय पण त्याचे त्रासही सांगायला हवेत. मॅपिंग कुणीतरी लिहावं लागतं, आणि ते क्रेनच्या पीएलसीमधल्या सिग्नलपासून सुरू होतं, म्हणजे व्हेंडरचं सहकार्य इथंही लागतंच. "टीआयसी कंप्लायंट" असं ब्रोशरवर असलं तरी त्यातले किती कॉन्सेप्ट खरंच भरून येतात हे विचारावं लागतं, एकदा तर मला रचना सगळी मिळाली आणि निम्मी फील्ड रिकामी. सगळ्या उपकरणांबाबत सगळं लिहून झालंय असंही नाही, काम चालू आहे. मेसेज जुन्या टेलिग्रामपेक्षा जाड असतात, पण आजच्या नेटवर्कवर ते जाणवलं नाही. आणि अनुभवी माणसं कमी आहेत, नवी मुंबईत पीएलसीवाले मिळतात, एपीआयवाले भरपूर मिळतात, दोन्ही कळणारा शोधावा लागतो.

कधी व्हेंडरचा एपीआयच घ्यावा? केरळमधल्या विझिंजमसारखं पोर्ट असेल तर. तिथं क्वे क्रेन (जहाजावर चढ-उतार करणाऱ्या) आणि यार्ड क्रेन दोन्ही एकाच उत्पादकाच्या, चीनहून जहाजावरून आल्या, पहिलं जहाज ऑक्टोबर २०२३ मध्ये लागलं. सगळं नवं आणि एका मेकचं, अशा ठिकाणी उत्पादकाच्या इंटरफेसने सुरुवात करणं शहाणपणाचं वाटू शकतं. टीम लहान असेल, गो-लाइव्हची तारीख डोक्यावर असेल, तेव्हाही. पण न्हावा शेवा १९८९ पासून चालू आहे, इथली टर्मिनलं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ऑपरेटरांकडे गेली, क्रेन टप्प्याटप्प्याने आल्या. क्रेन पंचवीस वर्षं चालते, सॉफ्टवेअरचा मालक तेवढा टिकत नाही. एन४ हे टीओएस बनवणाऱ्या नॅव्हिसचंच बघा ना, २०११ मध्ये कलमारची तेव्हाची मालक कंपनी कार्गोटेकने घेतलं, तेव्हा कलमारच्या क्रेन आणि एन४ टीओएस एकाच घरात आले, २०२१ मध्ये विकलं, आता ते कॅलेरिसमध्ये आहे, आणि कलमार स्वतः २०२४ मध्ये कार्गोटेकपासून वेगळी झाली. यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, धंद्यात हे होतं. पण "दोन्ही आमचंच आहे, इंटिग्रेशनची काळजी नको" या वाक्यावर पंचवीस वर्षांचा निर्णय घेऊ नये एवढं त्यातून मला तरी पटलं.

शेवटी आम्ही काय केलं, तर काम देण्याची दिशा व्हेंडरच्या एपीआयवरच ठेवली. क्रेनला हुकूम देताना ज्याचे इंटरलॉक त्याचाच इंटरफेस, यात मला तडजोड नको होती, माणसं खाली वावरत असतात. आणि क्रेनकडून येणारी सगळी माहिती टीआयसीच्या रचनेत घेतली. दोन्ही सांभाळायचं म्हणजे काम थोडं वाढतं. पण गेटवरचे ते फोन जवळजवळ बंद झाले, आणि पुढच्या लॉटमध्ये तिसऱ्या मेकच्या क्रेन आल्या तेव्हा टीओएसच्या बाजूला काही बदलावं लागलं नाही, फक्त नव्या पीएलसीचं मॅपिंग लिहिलं. तुमच्याकडे परिस्थिती वेगळी असेल, तुमचा व्हेंडर जास्त मोकळा असेल, तर तुमचा तराजू वेगळा झुकेल. मला पुन्हा निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

टेंडर अजून निघायचं असेल तर एवढं नक्की घाला: लँडेड, लॉक, अनलॉक, होइस्टची उंची, ट्रॉली आणि गँट्रीची (क्रेनच्या अख्ख्या सांगाड्याची) पोझिशन हे सगळं क्रेनवरच्या वेळेसकट, जादा लायसन्स फी न लावता, वाचायला मिळालं पाहिजे, आणि यातल्या कशाचाही अर्थ बदलणारा अपग्रेड असेल तर व्हर्जन नंबर बदलून आधी लेखी कळवलं पाहिजे. आणि हे नुसतं कागदावर नको. फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्टला आपला माणूस पाठवा, स्प्रेडर रिकाम्या कंटेनरवर टेकवायला सांगा आणि एकेक सिग्नल लॅपटॉपवर येताना बघूनच सही करा. क्रेन एकदा आपल्या जेट्टीवर उतरली की त्याच सिग्नलसाठी चेंज रिक्वेस्टचा फॉर्म भरावा लागतो.