गांडूळ कापून पाहावं, पडद्यावर की जिवंत?

गांडुळाच्या अभ्यासाची पद्धत ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा: समोरचं गांडूळ कोणतं आहे? आपल्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं फेरेटिमा पोस्थुमा या जातीचं गांडूळ शिकवलं जातं. परदेशी व्हिडिओंत आणि विकतच्या किटमध्ये बहुधा लुंब्रिकस टेरेस्ट्रिस असतं. फेरेटिमाची पेषणी, म्हणजे अन्न दळणारा अवयव, डोक्याकडून आठव्या वलयात, लुंब्रिकसची सतराव्या-अठराव्या वलयांत. फेरेटिमाला हृदयांच्या चार जोड्या, त्याही 7, 9, 12 आणि 13 अशा विखुरलेल्या. लुंब्रिकसला पाच, सातव्यापासून अकराव्यापर्यंत सलग. व्हिडिओ पाहून आलेली मुलं जर्नलमध्ये पाच जोड्या काढतात. चूक त्यांची नसते. ओळखायची सोपी खूण म्हणजे क्लायटेलम, तो जाडसर पट्टा. 14 ते 16 वलयांवर असेल तर फेरेटिमा, 32 ते 37 वर असेल तर लुंब्रिकस.

आता प्रत्यक्ष विच्छेदन. तुम्ही बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. प्राणिशास्त्राला असाल, तर यूजीसीने 2014 मध्येच वर्गातलं विच्छेदन बंद करायला सांगितलं आहे. तुमच्यापुरता प्रश्न मिटला. परदेशात मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांसमोर मात्र तो अजून आहे, कारण तिथे जतन केलेलं गांडूळ किटमध्ये सहज मिळतं.

मी विद्यार्थिदशेत विच्छेदन केलं आहे, त्यामुळे त्यातून काय मिळतं ते ठाऊक आहे. मेणाच्या ट्रेमध्ये पाणी घेऊन, पाठीवरच्या गडद रेषेच्या जरा बाजूने कात्री चालवायची, म्हणजे पाठीची रक्तवाहिनी शाबूत राहते. कात्रीचं टोक वर उचललेलं नसेल तर आतडं फाटतं आणि माती पाण्यात पसरून सगळं गढूळ होतं. पुढच्या भागातले वलयांमधले पडदे इतके चिवट असतात की एकेक सोडवावा लागतो. आतडं बाजूला सारल्यावर खाली चेतारज्जूचा पांढरा धागा दिसतो. आपली रज्जू पाठीशी, याची पोटाशी, हे त्या क्षणी जसं मनात बसतं तसं आकृतीतून बसत नाही. ही विच्छेदनाची खरी ताकद. पण किटमधल्या गांडुळात रंग उतरलेले, हृदयं चिमटलेली असतात. वृक्कके, म्हणजे उत्सर्जनाच्या बारीक नळ्या, तर सूक्ष्मदर्शकाशिवाय नीट कळतच नाहीत. म्हणजे जीव जाऊनही अर्धा अभ्यास शिल्लकच राहतो.

संगणकावरच्या विच्छेदनात चूक झाली तर मागे जाता येतं आणि अवयवांची जागा पक्की होते. परीक्षेसाठी हे पुरेसं आहे. मात्र वलयांमधल्या पडद्यांचा चिवटपणा, आतड्याचा नाजूकपणा बोटांना कळत नाही, आणि संगणकावरचं गांडूळ बहुधा लुंब्रिकसच निघतं.

तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो, तो म्हणजे जिवंत गांडूळ आणि सोबत आडव्या छेदाची तयार स्लाइड. ओल्या मातीतलं गांडूळ कोरड्या, खरबरीत कागदावर ठेवा आणि कान जवळ न्या. पोटाकडच्या राठ केसांची खरखर ऐकू येते. भिंगातून पाठीकडे पाहिलं की गडद रेषेतून रक्त शेपटाकडून डोक्याकडे लाटेसारखं सरकताना दिसतं. हे कापलेल्या गांडुळात कधीच दिसणार नाही. स्लाइडवर आतड्याच्या छतातून आत लोंबणारी घडी, टिफ्लोसोल, स्वच्छ दिसते. अन्न शोषायला जास्त पृष्ठभाग कसा मिळतो ते तिथे कळतं. फेरेटिमात ही घडी सव्विसाव्या वलयापासून सुरू होते, त्यामुळे स्लाइड त्याच्या मागच्या भागाची आहे ना, ते घेताना विचारा.

शाळेतल्या मुलासाठी मी हा तिसरा मार्गच घेईन, पदवीला त्यात फेरेटिमाचं आभासी विच्छेदन जोडेन. परदेशातल्या पालकांनी किट घेतलंच, तर मुलाला आधी चार दिवस जिवंत गांडूळ पाहू द्यावं. निरीक्षणापुरतंच बाहेर ठेवायचं, हात ओले ठेवायचे, उन्हात अजिबात न्यायचं नाही. कातडी कोरडी पडली की त्याचा श्वास थांबतो.