हृदयाची दोन वर्तुळं: फुप्फुसांचं छोटं, देहाचं मोठं

पर्वतीच्या पायऱ्या भराभर चढलं की छातीत धडधडतं आणि धापही लागते. तेव्हा एकाच हृदयाची रक्ताभिसरणाची दोन वर्तुळं जोरात फिरत असतात.

छोटं वर्तुळ उजव्या जवनिकेचं, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याचं; ते रक्त फुप्फुसांत नेऊन परत आणतं. फुप्फुसं शेजारीच, वाटेत अडथळा कमी, म्हणून साधारण २५/१० (मिमी पारा) दाब पुरतो. तो कमीच हवा, कारण तिथल्या केशिकांत (अगदी बारीक रक्तवाहिन्यांत) दाब फार चढला तर वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, पाणी झिरपतं.

मोठं वर्तुळ मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत जातं. त्याला १२०/८० च्या आसपास दाब लागतो, म्हणून डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड. आकृतीत मला हीच जाडी सगळ्यात बोलकी वाटते.

रक्त मात्र दोन्हीकडे सारखंच: आराम करताना मिनिटाला सुमारे ५ लिटर. डावी बाजू थकली की रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि दम लागतो.

शाळेत ‘धमनीत शुद्ध रक्त’ असं पाठ केलेलं छोट्या वर्तुळात चुकतं. फुप्फुस धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन-संपृक्तता (हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनने भरलेला भाग) ७५ टक्क्यांच्या आसपास, तर परतणाऱ्या शिरेत सुमारे ९८. हृदयापासून दूर नेते ती धमनी, एवढंच खरं.