खोली नंतर, आधी जिने बघा

युरोपात राहायची जागा शोधताना लोक आधी फोटो बघतात, मग भाडं, मग तारे. मी सगळ्यात आधी बघते ती स्टेशनपासून दारापर्यंतची वाट आणि दारापासून खोलीपर्यंतचे जिने. आम्ही चौघं होतो. मी, नवरा, भावजी आणि जाऊबाई. जाऊबाईंचे गुडघे कुरकुरतात, भावजींना सकाळी सहाला आल्याचा चहा लागतो, आणि टूरवाल्यांचं "चला, चला, बस सुटतेय" ऐकत फिरायचं नाही, यावर मात्र चौघांचं एकमत. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. जन्मभर विम्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचत आलेय, तेव्हा ते बरोबरच झालं.

सुरुवात व्हिसापासूनच होते. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला राहण्याच्या सोयीचे कागद लागतात, म्हणजे जागा आधी ठरवायला लागतात. शिवाय ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. म्हणजे मनात आलं म्हणून इटलीत दोन रात्री वाढवल्या की अख्खा अर्जच दुसऱ्या देशाकडे जाऊ शकतो. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत मी फक्त पैसे परत मिळणारी बुकिंगं केली. थोडी महाग पडतात, पण झोप लागते.

पॅरिसमध्ये सगळ्यांना खिडकीतून आयफेल टॉवर दिसायला हवा असतो. आम्ही उतरलो गार द लियों स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या हॉटेलात. कारण सरळ होतं: पुढची स्वित्झर्लंडची गाडी तिथूनच सुटते. मेट्रोची १ नंबरची लाइन लूव्र आणि शाँझेलिझेला थेट नेते. आणि १४ नंबरच्या लाइनवर सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, जी पॅरिसच्या जुन्या मेट्रोत अगदी दुर्मीळ. विमानतळावरून ट्रेनने यायचं तर २०२५च्या दराने माणशी १३ युरो, म्हणजे चौघांचे ५२. चार्ल्स द गॉलवरून सीन नदीच्या उजव्या काठाला टॅक्सीचं भाडं बांधलेलं आहे, त्याच वर्षी ते ५६ युरो होतं. चार युरो वाचवायला बॅगा घेऊन जिने चढण्यात काही अर्थ नव्हता.

हॉटेल स्वच्छ, खोली आपल्याकडच्या स्वयंपाकघराएवढी. लिफ्टमध्ये एक माणूस आणि एक बॅग मावते, तेही दोघांचं पटत असेल तर. फ्रान्समध्ये 'डबल' म्हणून मिळणारा पलंग बऱ्याचदा १४० सेंटिमीटर रुंदीचा असतो. तीस-चाळीस वर्षं संसार झालेल्यांनी दोन वेगळे पलंग आधीच लिहून मागावेत, लाजू नये. खोलीत किटली नव्हती; फ्रान्स-इटलीत ती असेलच असं धरून चालू नका. आमची आम्ही नेली होती म्हणून भावजींचा चहा चुकला नाही. रस्त्याकडची खोली आधी दिली होती, ती आतल्या चौकाकडची बदलून मागितली आणि शांतता मिळाली. नाश्ता मात्र हॉटेलात घेऊ नका, कोपऱ्यावरच्या बेकरीत तेच क्रोआसाँ अर्ध्या किमतीत मिळतं.

आता स्वित्झर्लंड. आपल्याकडचे बहुतेक लोक इंटरलाकेनला राहतात. गाव दोन तळ्यांच्या मध्ये, भारतीय जेवणाची हॉटेलं हाताशी, कुरसालच्या बागेत यश चोप्रांचा पुतळा. एक रात्र असेल तर तेच सोयीचं. पण मला सकाळी उठून डोंगर दारात हवा होता, म्हणून आम्ही तिथून रेल्वेने वीस मिनिटांवरच्या लाउटरब्रुनेनला घर घेतलं. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. डोंगराकडच्या गाड्या ओस्टवरून. आणि ती गाडी वाटेत त्स्वाइल्युत्शिनेनला तुटते, अर्धी लाउटरब्रुनेनला, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच बसायचं, नाहीतर बॅगा एका दरीत आणि तुम्ही दुसऱ्या.

घराच्या गॅलरीतून समोर श्टाउबबाख धबधबा. २९७ मीटर उंचीवरून पडतो आणि खाली येईतो त्याचा निम्मा धूर होतो. माळशेजला पावसाळ्यात बघतो तशी ती धार, फक्त भर उन्हाळ्यात आणि कणीसवाल्यांशिवाय. जाऊबाई तिथे खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच. "तुम्ही जा गं, मी इथूनच बघते," म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांनीच सगळ्यात जास्त बघितलं.

दरीत राहण्याचा खरा फायदा हवामानाचा. युंगफ्राउयोख हे वरचं, बर्फातलं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिकीट महाग, आणि वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून खाली यायचं. पण सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर बघायचं, स्वच्छ असेल तर निघायचं, नसेल तर म्युरेन गावाला जायचं, हे फक्त पायथ्याशी राहणाऱ्यालाच जमतं. म्युरेनला आणि समोरच्या वेंगेनला मोटारी जात नाहीत. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर दोन्हीकडे जायला वेगळं तिकीट लागत नाही. युंगफ्राउयोखवर मात्र सवलतच मिळते, फुकट नाही.

घर म्हटल्यावर स्वयंपाक आलाच. शेगडी काचेची, सपाट, विस्तव नाही. म्हणजे फुलके फुगवायचं विसरा, तव्यावर कापडाने दाबून जे काय होईल ते. वरणाला फोडणी द्यायच्या आधी तीन गोष्टी करायच्या: वरचा धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगावर, खिडकी सताड उघडी, आणि स्वयंपाकघर ते बैठक हे दार बंद, कारण धुराची घंटा बैठकीच्या छताला होती. तेल जरा कमी तापलेलं असतानाच मोहरी टाकायची, तडतडली की लगेच भांडं बाजूला घेऊन हिंग-हळद बाहेरच घालायची. जाऊबाईंनी पहिल्याच संध्याकाळी हे तंत्र बसवलं. लाल मिरची त्यांनी मुद्दामच नेली नव्हती. तिचा ठसका शेजारच्या जर्मन कुटुंबापर्यंत गेला असता आणि मग आम्हाला कोणी घर दिलं नसतं.

घरमालकीणबाई कडक, पण चोख. टेबलावर टाइप केलेले दोन कागद. रात्री दहानंतर आवाज नाही. कचरा फक्त शिक्का असलेल्या ठरावीक पिशवीतच, कारण त्या पिशवीच्या किमतीतच कचऱ्याचा कर असतो. बाईंनी एक ठेवली होती, दुसरी आपल्या पैशाने. काच वेगळी, कागद वेगळा. नवरा वैतागला, "सुट्टीला आलोय की परीक्षेला?" मला ते आवडलं. नियम आधी सांगितलेले होते आणि निघताना एक पैसाही जास्त मागितला नाही. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच भरा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात. प्लगचंही एक आहे. स्विस भिंतीतली खाच षट्कोनी आणि आत दबलेली असते, आपला जाडजूड अडॅप्टर तिच्यात जातच नाही. दोन बारीक पिनांचा साधा चार्जर मात्र थेट बसतो.

एक उणं सांगते. एसी नव्हता, पंखाही नव्हता. तिथे तशी पद्धतच आहे. दुपारी गरम होतं, रात्री खिडकी उघडी ठेवली की गारवा, पण मग गाईंच्या गळ्यातल्या घंटा आणि चर्चची घंटा दोन्ही आत येतात. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कापूस न्यावा.

व्हेनिसला सगळ्यांचा एकच प्रश्न: बेटावर राहायचं की अलीकडे मेस्त्रेला? मेस्त्रेला खोल्या स्वस्त आणि मोठ्या, आणि ट्रेनने बेट दहा-बारा मिनिटांवर. मी तरी बेटच म्हणेन, पण अटीसह. व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, आहेत ते पूल, आणि बहुतेक पुलांना पायऱ्या. बोटीने जायचं तर वापोरेत्तोचं ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरोचं. म्हणून मी नकाशावर सांता लुचिया स्टेशनचं दार आणि घराचं दार यांच्यामधले पूल मोजले, आणि एकही पूल न ओलांडता पोचता येईल अशीच जागा घेतली. ती कान्नारेज्जो भागात, स्टेशनच्याच बाजूला मिळते. फोटोत रेशमी पडदे दाखवणारी कितीतरी घरं या एका कसोटीवर गळाली.

घर तळमजल्यावर होतं. जाऊबाईंसाठी उत्तम, बाकी मध्यमच. भिंतींना ओलीचा वास, संध्याकाळी डास, आणि जाहिरातीत लिहिलेलं 'कालव्याचं दृश्य' म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीतून हातभर हिरवं पाणी. साफसफाईचे वेगळे पैसे बुकिंगच्या शेवटच्या पानावर दिसले. हे मी मालकाला तोंडावर सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि डास मारायची वडी आणून दिली.

तरीही बेटावरच राहा, त्याचं कारण संध्याकाळी कळतं. दिवसभर सान मार्कोत, म्हणजे तिथल्या मुख्य चौकात, मुंगीला शिरायला जागा नसते. सात-साडेसातला दिवसाचे पाहुणे परतू लागतात आणि शहर रिकामं होत जातं. आम्ही जेवून रात्री १५१६ सालच्या जुन्या ज्यू वस्तीतल्या चौकात बसायचो. मुलं फुटबॉल खेळायची, म्हाताऱ्या बाया बाकांवर गप्पा मारायच्या. सकाळी साडेसहाला सान मार्कोत आम्ही, कबुतरं आणि झाडूवाले. मेस्त्रेहून हे होत नाही असं नाही, पण पहाटेच्या ट्रेनसाठी चौघांना उठवून बघा. २०२४पासून ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लागतं, पहिल्या वर्षी ते ५ युरो होतं. रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असतं, मेस्त्रेवाल्यांनाही, कारण मेस्त्रे त्याच नगरपालिकेत येतं. तेव्हा त्या कारणासाठी बेट निवडू नका.

इटलीची एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना मनापासून आवडेल. १९७५च्या एका नियमामुळे तिथल्या प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे पाण्याने धुवायचं बसकं भांडं, असावाच लागतो. पॅरिसपासून पाण्याची बाटली घेऊन फिरणाऱ्या भावजींनी ते बघून जो सुस्कारा सोडला, तो ऐकायला तुम्ही हवे होतात.

रोममध्ये आम्ही ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठातल्या पाहुणेघरात राहिलो. तिथे अशी बरीच पाहुणेघरं आहेत, यात्रेकरूंसाठी सुरू झालेली, पण कोणत्याही धर्माच्या माणसाला चालतं. टर्मिनी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, सांता मारिया माज्जोरेच्या जवळ. पलंग अरुंद आणि वेगवेगळे, भिंतीवर क्रूस, टीव्ही नाही. फरशी इतकी स्वच्छ की नवऱ्याने दारातच चपला काढल्या, सवयीने. लिफ्ट जुनी पण चौघांची. एसीचा रिमोट खालून मागून आणावा लागतो. नाश्त्याला पाव, मुरंबा, कॉफी. अंडं नाही, पोहेही नाहीत. रात्री अकराला फाटक बंद. तरुण मुलांनी इथे येऊ नये, त्यांना त्रास होईल. आम्ही दहाला घोरत होतो.

आल्या आल्या पासपोर्ट मागतात तेव्हा घाबरायचं नाही. इटलीत राहायला आलेल्या प्रत्येकाची माहिती चोवीस तासांत पोलिसांकडे पाठवायची असते, आणि हे भाड्याच्या घरांनाही लागू आहे. जो मालक पासपोर्ट बघतच नाही त्याचाच मला संशय येईल. पर्यटन कर वेगळा, बऱ्याचदा रोख. रोमच्या तीन ताऱ्यांच्या हॉटेलात तो माणशी दर रात्री ६ युरो आहे, म्हणजे चौघांचे रोजचे २४. भाड्यांची तुलना करताना तो धरूनच करा. ॲमस्टरडॅमला तर हा कर २०२४पासून भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. ते शहर मी त्या पायी नाही, तिथल्या कालव्याकाठच्या घरांच्या शिडीसारख्या जिन्यांपायी यादीतून काढलं होतं.

रोमच्या टर्मिनी भागाबद्दल लोक नाकं मुरडतात. स्टेशनचा परिसर, गर्दी, रात्री जरा उदास वाटतो, हे खरं आहे. पाकीट सांभाळावं लागतं. पण पियाझ्झा व्हित्तोरिओजवळचा बंदिस्त बाजार तिथून पायी जवळ, आणि तिथे बांगलादेशी दुकानदाराकडे भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. रोमच्या रस्त्यांवर काळ्या दगडांचे छोटे चौकोन बसवलेले असतात, बॅगेची चाकं त्यावर खडखडत कधी निखळतील सांगता येत नाही. त्रास्तेव्हेरे भागातलं गोंडस घर मी त्याच कारणाने सोडलं. परतीला टर्मिनीवरून लिओनार्दो एक्सप्रेस, १४ युरो, न थांबता ३२ मिनिटांत विमानतळ.

मठात जागा हवी असेल तर ई-मेल छोटी आणि साध्या इंग्रजीत लिहा, उत्तर यायला आठवडा लागू शकतो. आणि पत्रात माणसं किती, पलंग किती, लिफ्ट हवी का, हे आधीच लिहा. मला सिस्टरांचं उत्तर एका ओळीचं आलं होतं: लिफ्ट आहे, पण ती दुपारी दोन ते चार विश्रांती घेते.